गजराज, सारथी आणि तुफान

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांमागं कारकून आले आणि औसा रोडला मोठ्या काचांचं मोटारसायकलीचं शोरूम आलं. पाऊस तेवढा आला नाही.

शोरूम गुरुबसप्पांचं. आडत भावावर सोपवून त्यांनी एजन्सी घेतली होती. कंपनी तीन गाड्या काढायची आणि तिन्ही काचेआड एका रांगेत उभ्या असायच्या. जाड टायरची, रुंद सीटची गजराज शेतकऱ्यासाठी आणि दूधवाल्यासाठी. हलकी, चेनवर पत्र्याचं झाकण असलेली सारथी नोकरदारासाठी. आणि लाल टाकीची, वाकून बसायची तुफान तरुण पोरांसाठी. भिंतीवर तिघांची रंगीत चित्रंही होती. फेट्यातला माणूस, चष्म्यातला माणूस आणि केस उडणारा माणूस. गिऱ्हाईक पायऱ्या चढायला लागलं की गुरुबसप्पा आधी त्याच्या पायातलं बघायचे आणि मनातल्या मनात त्याला गाडी देऊन मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा ते चुकायचे नाहीत.

सिंधू वाघमारे बापाला घेऊन आली तेव्हा गुरुबसप्पांनी तिच्या पायांकडं पाहिलंच नाही. त्यांनी लिंबाजींचे पॉलिश केलेले काळे बूट पाहिले आणि त्यांना सारथीकडं नेलं. लिंबाजी मिल्ट्रीतून रिटायर झालेले. त्यांनी सारथीवरून हात फिरवला, चांगली आहे म्हणाले, आणि गाडी आपल्याला नको, लेकीला पाहिजे असं शांतपणे सांगितलं.

सिंधू रेणापूरच्या पलीकडं बोरदऱ्याच्या उपकेंद्रात नर्स होती. वय अठ्ठावीस. लग्न एकदा जमून मोडलं होतं, त्यानंतर तिनं तो विषय काढू दिला नव्हता. बोरदऱ्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या तिच्याकडं होत्या आणि एसटी फाट्यापर्यंतच यायची. मागच्या उन्हाळ्यात एका वस्तीवर बाई अडली. निरोप मिळाल्यावर सिंधू भर उन्हात चालत निघाली, पण ती पोचेपर्यंत बाई गेली होती. पोरही गेलं होतं. त्या दिवशी परत येताना तिनं गाडी घ्यायचं ठरवलं.

बायकांसाठी कंपनीनं काही काढलेलं नाही, असं गुरुबसप्पांनी सांगितलं. ते खरंच होतं. भिंतीवर बाई एकाच चित्रात होती, सारथीच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. सिंधूनं एवढंच विचारलं की मागं लशीची पेटी बांधून वाळूतून कोणती गाडी जाईल. त्यांनी गजराजकडं बोट दाखवलं.

"पण नर्सबाई, ही दूधवाल्याची गाडी हाय. आडवी झाली तर उचलायला दोन गडी लागतात."

"आडवी होणार न्हाई असं बघते," सिंधू म्हणाली.

गाडी चालवायला लिंबाजींनी शिकवलं. मिल्ट्रीत ते मोटारसायकलीवरून टपाल न्यायचे. बोरदऱ्याचं तळं पार आटलं होतं, तळाला भेगा पडल्या होत्या आणि तिथं धडकायला काही नव्हतं. पांढऱ्या साडीखाली बापाची जुनी खाकी पँट घालून सिंधू त्या तळ्यात गोल गोल फिरायची आणि गाव पाळीवर बसून बघायचं. पहिले काही दिवस लोक हसत होते. नंतर हसणं थांबलं. ते थांबलेलं लिंबाजींच्या ध्यानात आलं.

उपकेंद्र गावाच्या एका टोकाला होतं आणि भीमनगर दुसऱ्या टोकाला. मधे मारुतीचं देऊळ, देवळासमोर पार, आणि पारावर बहुधा शेषेराव बसलेले. गावातली निम्मी जमीन त्यांची, सोसायटी त्यांची आणि त्या वर्षी टँकरही त्यांचाच. सिंधू पहिल्यांदा गाडीवरून देवळासमोरून गेली तेव्हा पारावरचं बोलणं मधेच तुटलं. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवी दिली नाही. गाडी लांब जाईपर्यंत फक्त तिचाच आवाज होता.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात भामाबाई आल्या. त्या गावच्या जुन्या सुईण, बाळंतपणात सिंधूला मदत करायच्या. आधी त्यांनी हातातला चहा संपवला.

"ताई, देऊळ आलं की उतरा," त्या शेवटी म्हणाल्या. "तेवढं ढकलत न्या, म्होरं गेल्यावर बसा. काय जातंय आपलं?"

कुणी सांगायला लावलं, असं सिंधूनं विचारलं. कुणीच नाही, असं त्या म्हणाल्या, आणि परत त्या विषयावर बोलल्या नाहीत. सिंधू उतरली नाही. आठवडाभरानं तिच्या गाडीच्या टाकीत वाळू निघाली. लिंबाजींनी टाकी काढली, धुतली, उन्हात वाळवली, आणि झाकणाला कुलूप लावून घेतलं.

त्यानंतर गावात तुफान आली.

शेषेरावांनी ती भाच्यासाठी आणली, ज्ञानोबासाठी. ज्ञानोबा आईवेगळा, मामाच्याच घरी वाढलेला. पस्तिशीचा, आडव्या हाडाचा, दोन लेकरांचा बाप. मामाची शेती तोच बघायचा. त्या लाल टाकीवर वाकून बसलेला तो विचित्र दिसायचा. नांगराची मूठ धरावी तसं हँडल धरायचा. एवढी महागाची गाडी, तीही ज्ञानोबासाठी, कशाला, असं लोक एकमेकांना विचारायचे. थोड्याच दिवसांत ते कळलं. सिंधू ज्या गावाला निघेल, त्या गावाला तुफान तिच्या मागं निघायची.

तो कधी पुढं गेला नाही. जवळही आला नाही. धुरळा अंगावर येणार नाही एवढं अंतर ठेवायचा. ती एखाद्या वस्तीवर थांबली की तो लांब बाभळीखाली थांबायचा. तुफान जोरात पळण्यासाठी केलेली गाडी, हळू चालवली की तिच्या प्लगवर तेल चढायचं आणि ती खोकायची. ते खोकणं सिंधूला दिवसभर पाठीमागं ऐकू यायचं. एकदा माळावर तिचं टायर पंक्चर झालं. ती चाक खोलून बसली, आणि तो लांब उन्हात गाडी चालू ठेवून उभा राहिला. मदतीला आला नाही, निघूनही गेला नाही. चाक बसवताना ती सारखी मागं वळून बघत होती. आपण उगाच भितोय असं तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी लिंबाजींनी विचारलं तर काही झालं नाही म्हणाली.

चैत्र संपता संपता भीमनगरात हगवण-ओकारी सुरू झाली. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं. सिंधूनं आडात औषध टाकलं, मीठ-साखरेचं पाणी करून घरोघर दिलं, दोघांना रेणापूरला पोचवलं. तरी पंचफुलाची मुलगी गेली. पंचफुला रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. मुलगी शेजारणीकडं ठेवून गेली होती. ती परत आली तेव्हा सिंधू मुलीच्या उशाशी बसलेली होती आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"पाणी तर टँकरचंच पिलो ताई," पंचफुला म्हणाली. "सरकारी पाणी."

ते वाक्य सिंधूच्या डोक्यातून गेलं नाही. टँकर सरकारी बोअरवर भरायचा, त्या पाण्यात दोष नव्हता, तिनं स्वतः तपासून आणलं होतं. गावातल्या मोठ्या विहिरीत तोच टँकर रिकामा व्हायचा आणि गावात कुणी आजारी नव्हतं. भीमनगरात दुपारची खेप यायची. आजारी पडलं ते फक्त भीमनगर.

दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या खेपेमागं निघाली. टँकर बोअरवर भरला आणि बोरदऱ्याकडं न वळता शेषेरावांच्या द्राक्षबागेत शिरला. आजूबाजूचं रान करपून काळं पडलेलं, आणि मधे ती हिरवीगार बाग. पाणी हौदात सोडून रिकामा टँकर माळामागच्या जुन्या खाणीवर गेला. दगड काढून सोडून दिलेली खाण. तळाशी कधीकाळचं पाणी साचलेलं. ड्रायव्हरनं पाणी उपसायचं इंजिन लावलं, टँकर भरला आणि भीमनगरच्या वाटेला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर सिंधू खाणीत उतरली. पाण्यावर हिरवा तवंग होता आणि कडेला एक मेलेलं कुत्रं फुगून तरंगत होतं. तिनं बाटली भरली, बूच लावलं आणि वर आली. वर तुफान उभी होती. ज्ञानोबा गाडीवरून उतरला होता. तो इतक्या जवळ पहिल्यांदाच आला होता.

"बाई, ती बाटली हितंच ओता," तो म्हणाला.

सिंधूनं बाटली लशीच्या पेटीत ठेवली आणि पेटीची कडी लावली.

"म्या सांगायलोय ते ऐका. न्हाईतर मामास्नी बाटलीचं कळंल."

"तुम्हीच सांगणार ना?"

तो बाजूला झाला नाही. सिंधूनं गाडीला किक मारली, त्याला वळसा घातला आणि लातूरच्या दिशेनं निघाली.

माळावरून खाली उतरणारी ती गाडीवाट होती, फुफाट्यानं भरलेली. थोडं अंतर गेल्यावर मागचं खोकणं बदललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुफान जोरात येत होती. आता हा आपल्याला आडवा येणार, असं सिंधूला वाटलं. तिनं गाडी कडेला घेतली. लाल टाकी तिच्या शेजारून सणाणून पुढं गेली, वळणावर पुढचं चाक फुफाट्यात रुतलं आणि ज्ञानोबा गाडीवरून उडून कडेच्या दगडांवर पडला.

सिंधू थांबली नाही. त्याला ओलांडून ती बरीच खाली गेली. मग तिला जाणवलं की मागं काहीच आवाज नाही. तिनं ब्रेक दाबला. आपल्या मनात तेव्हा काहीच आलं नव्हतं असं तिनं पुढं बापाला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. बरंच काही आलं होतं. मागं फिरलो आणि तो आपल्या हातावर मेला, तर गाव म्हणेल नर्सनं मारला. फिरलो नाही, तरी तेच म्हणेल. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. पंचफुलाची मुलगीही मनात आली होती. तिनं गाडी वळवली.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता, हाड बाहेर आलं होतं आणि रक्त धारेनं जात होतं. सिंधूनं साडीचा काठ फाडून मांडीला आवळला, बाभळीची फांदी मोडून पायाला बांधली. तो ओरडत नव्हता. डोळे उघडे ठेवून तिच्या हातांकडं बघत होता. त्यांच्या घरात आजवर तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नव्हतं. आता तिनं आपली पिण्याच्या पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली तेव्हा तो प्यायला. काखेत हात घालून तिनं त्याला कसंबसं सीटवर चढवलं, त्याच्याच धोतरानं त्याला स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि गाडी सुरू केली. गजराज कुरकुरली नाही.

फाटा जवळ आला तसं त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. बेशुद्ध पडला, असं तिला वाटलं. तेवढ्यात तो तिच्या कानाशी बोलला.

"रेणापूरच्या रस्त्यानं नगा जाऊ."

"का?"

"फाट्याच्या पुलावर ट्रॅक्टर आडवा लावलाय. माणसं बसलीत."

सिंधूनं गाडी हळू केली. पूल इथून दिसत नव्हता, वळणाच्या पलीकडं होता.

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. तुम्ही टँकरमागं निघालाव हे मामास्नी दुपारी बागेतच कळलं, तिथंच त्यांनी मला पुलाचं सांगितलं. म्या म्होरं जाऊन त्यास्नी सांगणार हुतो, बाई यायलीय म्हणून."

उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. तिच्या पाठीला त्याचं रक्त चिकट लागत होतं. हे तुम्ही मला का सांगता, असं तिनं विचारलं.

"तिथं थांबलो तर ते तुम्हास्नी सोडणार न्हाईत," तो म्हणाला. "मग मला कोण न्हील?"

याहून जास्त त्याच्या मनात काही होतं का, हे सिंधूला कधीच कळलं नाही. तिनं रस्ता सोडला आणि रेणा नदीच्या कोरड्या पात्रात गाडी घातली. वाळू खोल होती. पाय दोन्हीकडं टेकवत, पहिल्या गिअरमधे ती पुढं सरकत राहिली. पुलाच्या वरच्या अंगाला वळणाआड असताना तिला माणसांचं बोलणं ऐकू आलं, मग कुणाचं तरी हसणं. इंजिनाचा आवाज त्यांना गेला असणारच. पण त्या बाजूला दूधवाल्यांच्या गजराज रोज फिरायच्या. कुणी बघायला उठलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात तिनं ज्ञानोबाला स्ट्रेचरवर दिलं आणि मग तशीच, रक्तानं माखलेल्या साडीत, आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन बाटली दिली. परत आली तेव्हा शेषेरावांची जीप दवाखान्याच्या आवारात उभी होती.

हवालदार ज्ञानोबाचा जबाब घ्यायला बसला होता. शेषेराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सिंधू दारातच थांबली. नर्सबाईच्या गाडीचा धक्का लागला का, असं हवालदारानं विचारलं. विचारताना तो शेषेरावांकडं बघत होता. ज्ञानोबानं छताकडं नजर लावली.

"न्हाई," तो म्हणाला. "मीच पडलो. बाईंनी आणलं मला."

हवालदारानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. शेषेराव बाहेर व्हरांड्यात आले. एवढ्या महिन्यांत ते पहिल्यांदाच सिंधूशी बोलले, आणि आवाजात राग नव्हता.

"गाडी दणकट हाय तुमची, नर्सबाई," ते म्हणाले. "पण रस्ते लई खराब झालेत. कुणाचं काय होईल, सांगता येत न्हाई."

ते जीपमधे बसून गेले.

ज्ञानोबाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. खाणीतलं पाणी विषासारखं निघालं. तपासायला माणसं आली, खाणीच्या तोंडाशी काटेरी तार लागली आणि टँकरचं काम शेषेरावांकडून काढून त्यांच्या मेव्हण्याला देण्यात आलं. भीमनगरात स्वच्छ पाणी यायला लागलं. खेप मात्र कधी यायची, कधी यायची नाही, आणि का आली नाही हे विचारायला कुणी जात नव्हतं. पंचफुला मुलगी पुरलेल्या जागेवर दगड रचून रोज कामावर जायची.

दवाखान्यातून आल्यावर ज्ञानोबाला मामानं घरात घेतलं नाही. बायको-लेकरांसकट तो मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यात राहायला गेला. त्याची बायको तुळजाबाई एका सकाळी उपकेंद्राच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. जखमेला वास येतोय, एवढंच तिनं सांगितलं. सिंधू दिवसाआड मळ्यात जाऊन पट्टी बदलायला लागली. ज्ञानोबा पाय पुढं करायचा आणि दुसरीकडं बघायचा. वाटेत पारावरचे लोक तिच्याकडं बघायचेही नाहीत आता, आणि ते न बघणं आधीच्या बघण्यापेक्षा जड वाटायचं. एकदा गाडीची सीट कोयत्यानं चिरलेली सापडली. लिंबाजींनी ती दाभणानं शिवली.

मृग कोरडा गेला. त्याच सुमारास सिंधूच्या बदलीचा हुकूम आला. नांदेड जिल्हा, भोकरच्या पुढचं एक उपकेंद्र. लिंबाजी म्हणाले, दाद मागू, आपल्या माणसांना गाठू. सिंधूनं रात्रभर विचार केला आणि नको म्हणाली. आपण राहिलो तर पुढचा ट्रॅक्टर भीमनगरासाठी लागेल, असं तिला वाटत होतं. गेलो तरी लागणार नाही याची खात्री नव्हती. निघताना भीमनगरातल्या बाया शिवेपर्यंत चालत आल्या. भामाबाई लांब उभ्या होत्या, त्यांनी हात वर केला.

बाप-लेक गजराजवरूनच गेले. अहमदपूर, लोहा, नांदेड, मग भोकर. सगळीकडं तोच धुरळा, तेच रिकामे हंडे ओळीत ठेवलेले. नवं गाव बरं वाटलं. लोकांनी खोली झाडून ठेवली होती, एकीनं भाकरी आणून दिली. दिवेलागणीला एक माणूस आला. धोतर स्वच्छ, बोलणं अदबीचं. सरपंचांनी पाठवलंय, काही कमी-जास्त लागलं तर सांगा, असं म्हणाला. मग गजराजभोवती एक फेरी मारली आणि शिवलेल्या सीटवर हात ठेवला.

"रातच्याला गाडी कुठं लावता, बाई?" त्यानं विचारलं.

"दाराशी," सिंधू म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि रामराम करून गेला.

तो वळणापलीकडं जाईपर्यंत दोघं उभे राहिले. मग लिंबाजींनी आतलं अंथरूण, पेटी आणि पाण्याचा हंडा एका भिंतीला सरकवला. खोलीचं दार अरुंद होतं. हँडल तिरकं करून, पुढचं चाक उंबऱ्यावर चढवून, दोघांनी मिळून गाडी आत घेतली आणि कडी लावली.